फॅक्स, झेरॉक्स व त्यांची परिभाषा

प्रत्येक धंद्याची स्वतःची अशी एक भाषा असते. सुताराच्या पडवींत गेलें, तर रंधा, पटाशी, गुण्या हे शब्द कानांवर पडतात. सोनाराच्या दुकानांत कस, घट व तोळा यांचीं बोलणीं चालतात. तलाठ्याच्या कचेरींत सातबारा, आठ-अ व फेरफार यांवांचून पान हालत नाहीं. ज्याला ती भाषा येते तो तेथें मोकळेपणानें वावरतो. ज्याला ती येत नाहीं त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभें राहावें लागतें, आणि प्रसंगीं फसावेंहि लागतें.

आजच्या कचेरींत अशीच एक नवी परिभाषा येऊन बसली आहे. शाळेचें कार्यालय असो, बँक असो, रुग्णालय असो किंवा वकिलाची खोली असो, तेथें एका कोपऱ्यांत एक जाडजूड यंत्र उभें असतें. तें नक्कल काढतें, संगणकाकडून आलेला मजकूर छापतें, कागदाचें चित्र टिपून दूर पाठवितें, आणि टेलिफोनची तार जोडलेली असल्यास फॅक्सहि करितें. त्याच्या पाटीवर रिझोल्यूशन, डुप्लेक्स, कॉम्प्रेशन, आयपी अ‍ॅड्रेस, डीएचसीपी, ईसीएम अशा शब्दांची गर्दी दिसते. बहुतेक लोक त्यांतील एक हिरवी कळ तेवढी ओळखतात व बाकीच्या शब्दांस दुरूनच नमस्कार करितात.

विद्यार्थिमित्रहो, हे शब्द पाठ करण्याची मुळींच आवश्यकता नाहीं. ते दिसतात पुष्कळ. पण नीट लावून पाहिले असतां ते तीनच प्रश्नांच्या पोटांत बसतात. यंत्र आपला कागद कसा पाहतें? तें तो दुसऱ्या ठिकाणीं कसा पोहोंचवितें? आणि काम संपल्यावर आपल्यापाशीं काय ठेवून घेतें? हे प्रश्न विचारावयाचे, कारण त्या कांचेवर आपण जो कागद उपडा ठेवितों तो पुष्कळदां जन्माचा दाखला, गुणपत्रक, शेताचा उतारा किंवा औषधाची चिठ्ठी असते. त्यांतील एक आंकडा बदलला, किंवा त्याची एक प्रत नको त्या हातीं गेली, तर त्याचें फळ यंत्राला नव्हे, आपणांस भोगावें लागतें.

१. नांवांचा उगम

फॅक्स हा शब्द फॅक्सिमिली या शब्दाचें आखूड रूप होय. तो लॅटिन भाषेंतील दोन शब्दांपासून बनला असून त्याचा अर्थ 'सारखें कर' असा आहे. हें यंत्र अलीकडचें आहे अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु अलेक्झांडर ग्राहम बेल यांस टेलिफोनचें पेटंट मिळालें तें सन १८७६ मध्यें, आणि अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीनें तारेवरून आकृति पाठविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें तें सन १८४३ मध्यें, म्हणजे तेहतीस वर्षें आधीं! फ्रेडरिक बेकवेल यानें आपलें सुधारलेलें यंत्र सन १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत मांडलें. पुढें जिओव्हानी कासेली या इटालियन संशोधकाच्या यंत्रावर पॅरिस व लिऑन या शहरांच्या दरम्यान सन १८६५ मध्यें लोकांसाठीं चित्र-तारेची सेवा सुरू झाली.

बेनची युक्ति समजली कीं आजच्या यंत्राचें मर्म समजलें. त्याच्या योजनेंत तारेच्या दोन टोंकांस दोन लंबक होते. एक लंबक धातूच्या अक्षरांवरून झोका घेई, व अक्षराला स्पर्श होतांच तारेंतून वीज वाहूं लागे. दुसरा लंबक त्याच तालावर रासायनिक द्रव्यांत भिजविलेल्या कागदावरून झोका घेई, व वीज येतांच त्या जागीं डाग उमटे. प्रत्येक झोक्यानंतर दोन्हीकडचे पट किंचित् खालीं सरकत. अशा रीतीनें ओळीखालीं ओळ पडून आकृति पुरी होई. चित्राच्या बारीक ओळी पाडून ती टिपणें याला आज स्कॅनिंग म्हणतात, व दोन्ही टोंकांचा ताल जुळविणें याला सिंक्रोनायझेशन म्हणतात. शब्द नवे वाटले, तरी कल्पना पावणेदोनशें वर्षांहून जुनी आहे.

'झेरॉक्स' या शब्दाची कथा निराळी आहे. चेस्टर कार्लसन हे अमेरिकेंत पेटंटांच्या कामांत होते, व कागदपत्रांच्या नकला मिळविण्याचा त्रास त्यांस रोजचा होता. शाई व ओलें रसायन यांवांचून नक्कल निघाली पाहिजे, असा ध्यास घेऊन त्यांनीं प्रयोग आरंभिले, आणि २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यू यॉर्क शहराच्या अ‍ॅस्टोरिया भागांत त्यांस पहिली कोरडी नक्कल साधली. तिच्यावर त्या दिवसाची तारीख व 'अ‍ॅस्टोरिया' हें स्थळाचें नांव, एवढींच अक्षरें होतीं. ग्रीक भाषेंत 'झेरॉस' म्हणजे कोरडें व 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणें. म्हणून या कृतीस झेरोग्राफी असें नांव पडलें. साध्या कागदावर आपोआप नकला काढणारें ९१४ या नांवाचें यंत्र सन १९५९ मध्यें बाहेर आलें. ९ इंच रुंद व १४ इंच लांब कागदापर्यंत त्याची झेप होती, म्हणून तें नांव. झेरॉक्स हें वास्तविक एका कंपनीचें नांव. परंतु आपल्याकडे यंत्र कोणाचेंहि असो, नक्कल म्हणजे 'झेरॉक्स', असा रिवाजच पडून गेला आहे.

२. यंत्र कागद कसा पाहतें?

आपण कागदावर अक्षर पाहतों. यंत्र ठिपके पाहतें. कागदाचे अतिशय बारीक चौकोन कल्पून, प्रत्येक चौकोन काळा कीं पांढरा, एवढेंच तें टिपून घेतें. रंगीत यंत्र असल्यास रंगाची मात्राहि टिपतें. अशा एका चौकोनास पिक्सेल म्हणतात. एका इंचाच्या लांबींत असे किती ठिपके घेतले, त्या मापाचें नांव डीपीआय. आणि या बारकाईलाच रिझोल्यूशन म्हणतात.

येथें एक साधें गणित ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ३०० डीपीआय म्हणजे एक चौरस इंचांत ३०० गुणिले ३००, म्हणजे ९०,००० ठिपके झाले. ६०० डीपीआय घेतल्यास ते ३,६०,००० होतात. माप दुप्पट केलें, पण ठिपके चौपट झाले! म्हणून रिझोल्यूशन वाढविलें कीं पाठविण्याचा वेळ व सांठवणीची जागा हीं दोन्ही झपाट्यानें वाढतात.

फॅक्सच्या बाबतींत ही मापें ठरलेलीं आहेत. एका आडव्या ओळींत १७२८ ठिपके असतात. उभ्या दिशेस 'स्टँडर्ड' या पद्धतींत दर मिलिमीटरला ३·८५ ओळी, तर 'फाइन' या पद्धतींत ७·७ ओळी पडतात. आतां आपल्या देवनागरी लिपीचा विचार करा. स्टँडर्ड पद्धतींत दोन ओळींमधील अंतर पाव मिलिमीटराहून किंचित् अधिक असतें. छापील अनुस्वार अर्ध्या मिलिमीटराचा असला, तर त्याच्या वांट्यास अवघ्या दोन ओळी येतात. अक्षर पुसट असेल, तर तो अनुस्वार पैलतीरास पोहोंचेलच असें नाहीं, आणि रफाराची गतिहि तीच. म्हणून बारीक मराठी मजकूर किंवा आंकड्यांचा तक्ता फॅक्सनें पाठवावयाचा असेल, तेव्हां 'फाइन' ही कळ दाबावी. वेळ थोडा अधिक लागेल, पण अर्थाचा अनर्थ टळेल.

याच प्रश्नाखालीं येणारे आणखी कांहीं शब्द असे. एडीएफ म्हणजे कागदांची चळत आपोआप एकेक करून आंत ओढून घेणारा भाग. डुप्लेक्स म्हणजे आपल्या दुकानदाराच्या भाषेंत पाठपोट. कोलेट म्हणजे अनेक प्रती काढतांना प्रत्येक प्रतीचीं पानें क्रमानें लावून देणें. पीपीएम म्हणजे एका मिनिटांत निघणाऱ्या पानांची संख्या.

पाहिलेलें चित्र कागदावर उतरतें कसें, तेंहि थोडक्यांत पाहूं. यंत्राच्या पोटांत ड्रम नांवाचें एक गोल नळकांडें असतें. त्यावरील लेपाचा गुण असा कीं, अंधारांत तो विजेचा भार धरून ठेवितो व प्रकाश पडतांच सोडून देतो. आजच्या यंत्रांत लेसरचा किंवा बारीक दिव्यांचा प्रकाश या ड्रमवर चित्र लिहितो. त्या न दिसणाऱ्या चित्रास टोनर चिकटतो. टोनर ही ओली शाई नव्हे, तर रंग व प्लॅस्टिक यांची अत्यंत बारीक पूड होय. ती पूड कागदावर ओढली जाते, व शेवटीं फ्यूजर नांवाच्या तापलेल्या रुळांमधून कागद जातांना ती वितळून धाग्यांत बसते. ताजी झेरॉक्स हातास ऊन लागते ती यामुळेंच; आणि अडकलेला कागद काढतांना फ्यूजरला बोट लावूं नये असें यंत्रावर लिहिलेलें असतें, तेंहि याच कारणानें.

३. आंकडे बदलणारें यंत्र

पाहण्याच्या कामांत एक शब्द असा आहे कीं, त्याचा अर्थ न कळल्यानें मोठा घोटाळा होऊं शकतो. तो शब्द म्हणजे कॉम्प्रेशन. लाखों ठिपके जसेच्या तसे पाठविण्याऐवजीं त्यांचा संक्षेप करणें, हा त्याचा अर्थ.

संक्षेप दोन जातींचे असतात. समजा, एका ओळींत प्रथम ४०० पांढरे ठिपके, मग ५ काळे, व पुन्हां ३०० पांढरे आहेत. प्रत्येक ठिपका सांगत बसण्याऐवजीं '४०० पांढरे, ५ काळे, ३०० पांढरे' एवढें सांगितलें कीं काम झालें. पलीकडच्या यंत्रास यावरून मूळ ओळ तंतोतंत मांडतां येते. फॅक्सचा नेहमींचा संक्षेप या जातीचा असून त्यांत कांहींच गमावलें जात नाहीं. दुसऱ्या जातींत मात्र यंत्र थोडें अंदाजानें चालतें. जेथें फारसा फरक दिसणार नाहीं असें त्यास वाटतें, तेथें तें बारकावे सोडून देतें. निसर्गचित्रास हें चालतें. हिशेबाच्या कागदास चालेलच असें नाहीं.

याचें एक विलक्षण उदाहरण सन २०१३ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींत उजेडांत आलें. डेव्हिड क्रीझेल या संगणकशास्त्रज्ञापुढें एका इमारतीचा नकाशा आला. मूळ कागदावर तीन खोल्यांचीं क्षेत्रफळें १४·१३, २१·११ व १७·४२ चौरस मीटर अशीं निरनिराळीं लिहिलेलीं होतीं. झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर जातीच्या यंत्रावर तो नकाशा स्कॅन केल्यावर मात्र तिन्ही खोल्या १४·१३ च्या झाल्या. अक्षरें पुसट नव्हतीं, कागद मळलेला नव्हता. आंकडे अगदीं स्वच्छ, ठसठशीत होते; फक्त ते खोटे होते! तपास करितां असें आढळलें कीं, त्या यंत्रांत जेबिग-टू नांवाच्या संक्षेपाची एक रीत होती. तींत सारख्या दिसणाऱ्या आकृतींचा एकच ठसा जपून ठेवून तोच सर्व ठिकाणीं वापरला जाई. एका आंकड्याचा डाग दुसऱ्यासारखा भासला कीं यंत्र बेधडक पहिल्याचा ठसा दुसऱ्याच्या जागीं मारी. लहान टाइपांतील ६ चा अशा रीतीनें ८ होऊन बसे.

या प्रकरणांतील बोधाची गोष्ट पुढेंच आहे. त्या यंत्रावर स्कॅनच्या गुणाच्या तीन पायऱ्या होत्या, व त्यांपैकीं 'नॉर्मल' या पायरीवर एखाद्या अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर येण्याचा संभव आहे, असा इशारा यंत्राच्या माहितींत दिलेला होता. पण 'नॉर्मल' हा शब्द इतका निरुपद्रवी कीं, त्याच्या आड असें कांहीं असेल ही शंका कोणास यावी? पुढें हा दोष वरच्या पायऱ्यांवरहि संभवतो असें दिसून आलें, व कंपनीनें दुरुस्तीची नवी आज्ञावली पुरविली. यावरून दोन नियम घ्यावे. एक, आंकड्यांचा कागद स्कॅन केल्यावर महत्त्वाचे आंकडे मुळाशीं ताडून पाहावे. दुसरा, पुसट नक्कल आपला दोष स्वतःच सांगते, परंतु स्वच्छ नक्कल खोटीहि असूं शकते. तेव्हां स्वच्छतेवर भुलूं नये, आणि मूळ कागद कधींहि टाकून देऊं नये.

४. कागद कसा पोहोंचतो?

टेलिफोनची तार मनुष्याच्या आवाजासाठीं बांधलेली असते. ठिपक्यांचा हिशेब तिच्यावरून न्यावयाचा, तर त्याचे सूर करावे लागतात, व पलीकडे सुरांचे पुन्हां आंकडे करावे लागतात. हें काम करणाऱ्या भागास मोडेम म्हणतात. फॅक्सचा क्रमांक फिरविल्यावर जे विचित्र सूर ऐकूं येतात, ते म्हणजे दोन यंत्रांचा रामराम होय. हांक मारणारें यंत्र दर सेकंदास ११०० कंपनांचा सूर अर्धा सेकंद काढतें, तीन सेकंद थांबतें, व पुन्हां काढतें. उत्तर देणारें यंत्र २१०० कंपनांचा सूर देऊन 'मी फॅक्स-यंत्र आहें' असें कळवितें. मग आपणांस किती वेग झेपेल, कोणता संक्षेप समजतो, 'फाइन' पद्धति येते कीं नाहीं, याची बोलणी होते व जें दोघांनाहि साधतें तें ठरतें. या बोलणीस हँडशेक, म्हणजे हस्तांदोलन, असें नांव आहे.

निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांनीं एकमेकांचें बोलणें समजावें म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या समितीनें नियम ठरविले, व त्यांवरून यंत्रांचे गट पडले. सन १९६८ च्या पहिल्या गटाच्या यंत्रास एका पानासाठीं सुमारें सहा मिनिटें लागत. सन १९७६ च्या दुसऱ्या गटास सुमारें तीन. आणि सन १९८० च्या तिसऱ्या गटानें तें काम एका मिनिटाच्या आसपास आणून ठेविलें. यंत्रावर 'जी-३' असें लिहिलेलें दिसतें, त्याचा अर्थ हाच तिसरा गट.

वेगाचीं मापें दोन आहेत व त्यांची गल्लत फार होते. बॉड म्हणजे एका सेकंदांत सूर किती वेळां बदलतो, आणि बीपीएस म्हणजे त्या सेकंदांत किती आंकडे जातात. सूर सेकंदास २४०० वेळां बदलला व प्रत्येक बदलाबरोबर सहा आंकडे गेले, तर वेग १४,४०० बीपीएस झाला. बैलगाडी किती खेपा करिते हें एक माप, व एकंदर किती पोतीं पोहोंचलीं हें दुसरें.

ईसीएम म्हणजे चूक सुधारण्याची रीत. पानाचे लहान लहान तुकडे करून पाठवावयाचे, आणि जो तुकडा खरखरीमुळें बिघडला तेवढाच पुन्हां मागवावयाचा. महत्त्वाच्या कागदासाठीं ही रीत चालू असावी. पाठवून झाल्यावर यंत्र 'ओके' असा दाखला छापतें, त्याचा अर्थहि नेमका समजून घेतला पाहिजे. पलीकडच्या यंत्रास पान मिळालें, एवढेंच तो सांगतो. तें योग्य माणसानें उचललें किंवा वाचलें, असें नव्हे. तसेंच पानाच्या माथ्यावर पाठविणाराचा जो क्रमांक छापून येतो, तो त्यानें स्वतःच आपल्या यंत्रांत भरलेला असतो. तेव्हां एवढ्या एका गोष्टीवरून कागद खरा मानूं नये.

आतां टेलिफोनची तार सोडून कचेरींतील जाळ्याकडे, म्हणजे नेटवर्ककडे, वळूं. तेथील शब्द फार अवघड समजले जातात. परंतु लग्नाची पंगत ज्यानें पाहिली आहे त्याला ते अवघड वाटूं नयेत. प्रत्येक यंत्रास कारखान्यांतच एक कायमची खूण मिळते, ती मॅक अ‍ॅड्रेस. भांड्यावर कोरलेल्या नांवासारखी ती भांड्याबरोबर सगळीकडे जाते. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे पंगतींतील पाट. तो १९२·१६८·१·५० अशा चार आंकड्यांनीं लिहितात, व प्रत्येक आंकडा ० पासून २५५ पर्यंत असतो. डीएचसीपी म्हणजे पाहुण्यांना पाट दाखविणारा यजमानाचा माणूस. तो जो पाट रिकामा असेल तो देतो. पण उद्यां त्याच पाहुण्यास तोच पाट मिळेल, अशी हमी नसते. संगणक मात्र कालच्याच पाटाकडे पाहून हांक मारीत बसतो, आणि 'यंत्र सांपडत नाहीं' अशी तक्रार करितो. पुष्कळ कचेऱ्यांतील हा नित्याचा घोटाळा याच कारणानें होतो. छपाईच्या यंत्रासाठीं एक पाट कायमचा राखून ठेविला कीं तो मिटतो.

आणखी तीन शब्द पाहूं. गेटवे म्हणजे गांवाची वेस. कचेरीच्या जाळ्याबाहेर जाणारा प्रत्येक निरोप तिच्यांतून जातो. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. संगणकाची भाषा तो यंत्राच्या भाषेंत सांगतो, आणि चुकीचा दुभाष्या नेमला तर पानेंच्या पानें निरर्थक खुणांनीं भरून निघतात. क्यू म्हणजे रांग. पहिल्याचें काम अडलें तर मागच्या सर्वांचें अडतें, म्हणून पुन्हां पुन्हां कळ दाबण्यापूर्वीं रांगेंत काय अडकलें आहे तें पाहावें. इंटरनेटच्या वाटेनें निरोप तुकड्यातुकड्यांनीं जातो व तुकडे मागेंपुढें होतात, त्यामुळें फॅक्सचा जुना ताल बिघडतो. त्यावर उपाय म्हणून सन १९९८ मध्यें टी-३८ या नांवाचा नियम ठरविण्यांत आला. बेनच्या लंबकांचा प्रश्न येथेंहि सुटलेला नाहीं, तो नव्या वेषांत पुढें आला आहे, हें चतुर वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

५. यंत्र काय ठेवून घेतें?

कागद कांचेवरून उचलला कीं काम संपलें, असें आपण समजतों. कचेरीच्या मोठ्या यंत्रांत पुष्कळदां हार्ड डिस्क, म्हणजे सांठवणीची तबकडी, असते, आणि कामाच्या ओघांत पानांचीं चित्रें तिच्यावर उतरतात. यंत्राची वीज गेली तरी तीं पुसलीं जात नाहींत.

याचा धडा अमेरिकेंत चांगलाच महाग पडला. न्यू यॉर्कमधील अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य-विमा संस्थेनें भाड्यानें घेतलेलीं नक्कल-यंत्रें तबकड्या न पुसतांच परत केलीं. त्यांतील एक यंत्र सन २०१० मध्यें सीबीएस या वृत्तसंस्थेनें विकत घेतलें व त्याची तबकडी तपासली, तों तिच्यांत रोग्यांची खाजगी माहिती जशीच्या तशी आढळली. अशा यंत्रांमुळें ३,४४,५७९ पर्यंत लोकांची माहिती उघडी पडली असावी असा अंदाज झाला, आणि सन २०१३ मध्यें त्या संस्थेस १२,१५,७८० डॉलर भरून तडजोड करावी लागली. तेथें कोणी चोरी केली नव्हती. 'हार्ड डिस्क' हा शब्द यंत्राच्या माहितीपत्रकांत आहे, याचा अर्थ काय, एवढा विचार कोणीं केला नव्हता.

म्हणून यंत्रावरील हे शब्द ओळखून ठेवावे. ओव्हरराइट म्हणजे जुन्या नोंदीवर निरर्थक नोंद लिहून ती कायमची बुजविणें. एन्क्रिप्शन म्हणजे माहिती सांकेतिक लिपींत ठेवणें, जेणेंकरून किल्लीवांचून ती कोणास वाचतां येऊं नये. सिक्युअर प्रिंट म्हणजे पाठविणारा स्वतः येऊन गुप्त आंकडा भरीपर्यंत पान न छापणें. कचेरीनें यंत्र विकतांना किंवा परत करितांना तबकडी पुसल्याचा लेखी दाखला घ्यावा.

पालकांसाठीं यांतील अधिक जवळची गोष्ट अशी. नाक्यावरच्या दुकानांतील लहान यंत्रांत बहुधा तबकडी नसते. पण आपण तेथें आपला कागद मोबाईलवरून किंवा ई-मेलनें पाठवितों, व तो दुकानाच्या संगणकावर उतरवून घेतला जातो. छपाई झाल्यावर तो तेथेंच पडून राहतो. ओळखपत्राची प्रत असेल तर निघण्यापूर्वीं आपल्यादेखत ती पुसून घ्यावी. दुकानदारास तसें सांगण्यांत अविश्वास किंवा अपमान मुळींच नाहीं. छापील प्रत कोणास देतांना ती कोणत्या कामासाठीं दिली तें व दिनांक तिच्यावर लिहावा, म्हणजे ती दुसऱ्या कामीं लावणें कठीण जातें. आणि कांचेखालीं मूळ कागद तसाच राहिला नाहीं ना, हें झांकण उचलून पाहिल्यावांचून तेथून हालूं नये.

असो. यंत्रें बदलत जातील. फॅक्सचा वापर पूर्वींच्या मानानें पुष्कळच कमी झाला आहे, व आज जे शब्द नवे आहेत तेहि एके दिवशीं जुने होतील. परंतु नवें यंत्र कोणतेंहि येवो, तें आपला कागद कसा पाहतें, कसा पोहोंचवितें व त्यांतलें काय ठेवून घेतें, हे तीन प्रश्न त्यालाहि लागू पडतील. नवा शब्द दिसतांच तो यांपैकीं कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे, तें शोधावें. तें सांपडलें, कीं त्या शब्दाची भीति उरत नाहीं. आणि आपल्या कागदाचें काय होत आहे, हें दुसऱ्याच्या तोंडाकडे न पाहतां आपलें आपणांस समजतें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१) २०० डीपीआय ऐवजीं ४०० डीपीआय घेतल्यास एका चौरस इंचांतील ठिपके किती पट होतील? गणित करून दाखवा.

२) 'पांढरे १२, काळे ३, पांढरे ५' या संक्षेपावरून मूळ ओळ चौकटीच्या वहींत काढा. नंतर आपल्या नांवाचें पहिलें अक्षर चौकटींत काढून त्याच्या प्रत्येक ओळीचा असाच संक्षेप लिहा, व तो शेजाऱ्यास देऊन त्याजकडून अक्षर पुन्हां काढवून घ्या.

३) फॅक्सच्या 'ओके' या दाखल्यावरून कोणती गोष्ट सिद्ध होते व कोणती होत नाहीं?

४) मॅक अ‍ॅड्रेस व आयपी अ‍ॅड्रेस यांतील भेद स्वतःच्या उदाहरणानें स्पष्ट करा.

५) घरांतील वडील मंडळींस विचारून, गेल्या वर्षभरांत आपल्या घरांतील कोणकोणत्या कागदांच्या प्रती कोठें कोठें दिल्या, याची यादी करा. त्यांपैकीं कितींवर काम व दिनांक लिहिलेला होता?